लहरी दिव्यांचा बंदोबस्त

"खोलीत कोणी नाही, मग दिवा कशाला?" मराठी घरातलं मूल शाळेत जायच्या आधीच जी वाक्यं ऐकून ऐकून पाठ करतं, त्यांत हे पहिल्या तिनात येतं. ते म्हणणारे वडील बहुतेक वेळा दिसतही नाहीत. ते बाहेरच्या खोलीत पेपरात डोकं घालून बसलेले असतात, पण आतलं कुठलं बटण किती वेळ खाली आहे याचा हिशेब त्यांच्याकडे तयार असतो. काही वडील इतके तत्पर, की बाथरूममध्ये माणूस आहे की नाही हे बघण्याआधीच बाहेरून दिवा घालवतात आणि आतून आरोळी आली की "मग सांगून जायचं" म्हणतात. चाळीस वॉटची ट्यूब गेली, वीस वॉटची एलईडी आली, तरी हा बाणा तसूभर हलला नाही.

आता याच माणसांना सत्तरीत सांगण्यात येतंय, की रिकाम्या खोलीत दिवा लावायचा. एका नव्हे, सगळ्या खोल्यांत. तोही कधी लागेल आणि कधी विझेल याचा नेम नसलेला. आणि त्यासाठी पदरचे पैसे घालायचे.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काका-काकूंवर ही वेळ सुनेच्या बाळंतपणामुळे आली. पुण्यातली घरं महिनोन्‌महिने बंद राहायची कारणं पूर्वी बदली, काशीयात्रा, गावची शेती अशी असत. आता अमेरिकेतलं बाळंतपण सगळ्यांच्या पुढे गेलंय. पाहुण्याच्या व्हिसावर गेलेल्याला तिथे साधारण सहा महिने राहू देतात, आणि आपले आजी-आजोबा त्यातला एक दिवसही वाया जाऊ देत नाहीत. काका-काकू जूनमध्ये न्यू जर्सीला निघाले. डिंक, आळीव, बाळंतशेपा, मेतकूट ही बांधाबांध काकूंकडे होती. घराच्या सुरक्षेचं खातं मुलाकडे होतं आणि तो ते तिथून व्हिडिओ कॉलवर चालवत होता.

मुलाने चार स्मार्ट बल्ब घरपोच मागवले. हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, बाथरूम. फोनमधल्या ॲपला एकदा सांगून ठेवायचं की घरी कोणी नाही. मग कुठला दिवा कधी लावायचा हे त्याचं ते ठरवणार. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे चोराने येऊ नये म्हणून बिल मी भरायचं?"

मुलाने हिशेब मांडला. नऊ वॉटचा बल्ब रोज पाच तास लागला तर महिन्याला १.३५ युनिट. चार बल्बांचे ५.४ युनिट.

"पाच युनिट काय रस्त्यावर पडलेत?"

"बाबा, घरात लाखाचं सामान आहे."

"आणि तुझे दिवे ज्या वायफायवर चालणार, ते सहा महिने चालू ठेवायचं? त्याचं भाडं?"

तिकडे थोडा वेळ शांतता झाली. ज्याने आयुष्यभर महावितरणचं बिल मागच्या महिन्याच्या बिलाशेजारी ठेवून वाचलंय, त्याच्याशी आकड्यांत भांडू नये. शेवटी वायफायचे पैसे मुलाने भरायचे आणि पाच युनिट काकांनी सोसायचे, असा तह झाला.

तसं पाहिलं तर घरी नसताना घरी असल्याचा देखावा आपल्याला नवा नाही. पूर्वी गावाला जाताना गॅलरीत झिरोचा दिवा लावून जायचे. झिरो हा नावापुरताच; तो दहा-पंधरा वॉट खायचा, पण जुन्या मीटरची चकती त्याची फारशी दखल घेत नसे, म्हणून त्याला शून्यात काढलेलं. तर हा दिवा पंधरा दिवस अहोरात्र जळत राहायचा. रात्री तो चोराला फसवायचा की नाही हे चोरालाच ठाऊक, पण भर दुपारी बाराच्या उन्हात तो मिणमिणायला लागला की सगळ्या आळीला कळायचं, की मंडळी अजून आलेली नाहीत. दुपारचा दिवा दाराच्या कुलपापेक्षा स्पष्ट बोलतो. कारण घरात वडीलधारं माणूस असताना दुपारी बारा वाजता दिवा चालू राहणं मराठी मुलखात केवळ अशक्य.

काही जण रेडिओ लावून जायचे. त्यामुळे कुलूपबंद घरातून संध्याकाळी कपाशीवरच्या किडीचा बंदोबस्त ऐकू यायचा, आणि सदाशिव पेठेत इतक्या जिव्हाळ्याने कपाशीचं ऐकणारं कोण राहतं, असा प्रश्न जिना चढणाऱ्याला पडायचा.

मग टायमर आले. प्लगात बसवायचं एक गोल चाक, त्याच्या कडेला बारीक दात. एक दात म्हणजे पाव तास, असे दिवसाचे ९६. संध्याकाळी सात ते दहा दिवा हवा असेल तर तेवढे बारा दात दाबायचे. परदेशात हे चाक चांगलं चाललं, कारण तिथे वीज जात नाही. आपल्याकडे वीज गेली की चाकही थांबतं, आणि वीज आली की जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे निघतं. मधल्या काळाचा त्याला पत्ता नसतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी तीन तास वीज गेली, की चाक तीन तास मागे. चार गुरुवार असे झाले, की बारा तास मागे. म्हणजे महिन्याभरात त्या घराची दिवेलागण सकाळी सातवर येते. समोरचे लोक शाळेचे डबे भरत असताना या घरात हॉलचा दिवा लागतो आणि चांगला दहा वाजेपर्यंत जळतो.

बरं, चाक अगदी वक्तशीर चाललं तरी त्यात एक खोट आहेच, आणि ती १९९० सालच्या 'होम अलोन'ने जगाला दाखवून ठेवली आहे. त्यातले दोन चोर नाताळात गावाला गेलेल्यांच्या गल्लीत गाडी लावून बसतात, आणि कुठल्या घराचा दिवा किती वाजता लागणार हे एकमेकांना आधीच सांगतात. दिवे सांगितल्याप्रमाणे लागत जातात. टायमर लावणाऱ्याने घर रिकामं असल्याचं वेळापत्रकच त्यांना देऊन ठेवलेलं. त्यांना चकवतं ते घरी विसरून राहिलेलं आठ वर्षांचं पोर: दोऱ्या बांधून पुतळे नाचवतं, खेळण्यातल्या आगगाडीवर मायकेल जॉर्डनचा पुठ्ठ्याचा पुतळा फिरवतं आणि खिडकीत मेजवानी उभी करतं. आपल्याकडे हे जमणार नाही. आपल्या खिडकीत पुठ्ठ्याचे पाहुणे नाचताना दिसले, तर चोर येण्याआधी सोसायटीचे सेक्रेटरी येतील आणि सांगतील की पार्टीसाठी आधी अर्ज करावा लागतो.

तर उपाय निघाला तो लहरीपणाचा. दिवा रोज वेगळ्या वेळी लागू दे, वेगळ्या वेळी विझू दे, म्हणजे चोराला वेळापत्रक सापडणार नाही. हा लहरीपणाही संगणक सूत्राने काढतो. सुरुवातीला तोच आकडा घातला, तर तीच लहर पुन्हा त्याच क्रमाने येते. पण चोर एवढं गणित करून बसेल असं नाही, आणि त्याला ते येत असतं तर तो हिंजवडीत चांगल्या पगारावर असता.

अडचण वेगळीच आहे. नुसत्या लहरीला घराचा नकाशा ठाऊक नसतो. माणूस बेडरूममधून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातो तेव्हा वाटेतल्या हॉलचा दिवा लावतो, गुडघे धरत जातो, फ्रिज उघडतो, परत येतो. लहरी यंत्र बेडरूमचा दिवा घालवतं आणि त्याच क्षणी स्वयंपाकघराचा लावतं. मधलं अंतर कापायला माणसाला जो वेळ लागतो, तो द्यायचं त्याला सुचत नाही. समोरच्या इमारतीतून हे बघणाऱ्या आजींनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, की त्या घरात जे काही आहे त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत.

दुसरं असं, की खरी लहर आपल्या अपेक्षेइतकी विखुरलेली नसते. नाणं उडवलं तरी छापा ओळीने पाच वेळा पडतोच. तसाच एका रात्री बाथरूमचा दिवा एक ते चारच्या दरम्यान पुन्हा पुन्हा लागला. सकाळी शेजारच्या काकूंनी थेट न्यू जर्सीला फोन लावला. "वहिनी, घरी कोण उतरलंय? त्यांना म्हणावं, डॉक्टरांना दाखवून घ्या. शुगरचं पहिलं लक्षण तेच असतं."

माझं म्हणणं असं, की मराठी मध्यमवर्गीय घराला लहर चिकटवणं ही त्या घराची बदनामी आहे. ज्या घरात पस्तीस-चाळीस वर्षं साडेआठला ताटं मांडली गेली, मालिकेच्या जाहिरातीत भांडी घासली गेली आणि दहाच्या ठोक्याला "चला, बास आता" म्हणत दिवे गेले, तिथे रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरात उजेड पडतो तेव्हा चोर बिचकत नाही. त्याला वाटतं, आपला एखादा सहकारी आधीच पोचला.

त्यात न्यू जर्सीचा कायदा मध्ये आला. ॲप मुलाच्या खात्यावर, खात्याचं घड्याळ तिकडचं. उन्हाळ्यात तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, त्या हिशेबाने मुलाने तिथले सकाळचे साडेआठ, म्हणजे इथले संध्याकाळचे सहा, अशी दिवे सुरू व्हायची वेळ धरली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळ एक तास मागे घेते, फरक साडेदहा तासांचा होतो, आणि इथले दिवे निमूटपणे सातनंतर लागायला लागले. नेमके त्याच दिवसांत पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जुलैत सव्वासातपर्यंत उजेड असताना हे घर सहालाच झगमगायचं, आणि ऐन तिन्हीसांजेला दारात अंधार नको म्हणतात त्या दिवसांत काळोखात बसायचं. देवाला दिवा लावायची वेळ परक्या देशाच्या कायद्याने ठरलेली काकूंना अजिबात आवडली नाही. त्यांनी मुलाला बदल करायला लावला, आणि तो त्याने रात्री अंगाई म्हणता म्हणता केला.

काकांचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्या फोनमध्येही ॲप घालून दिलं होतं, नुसतं बघण्यासाठी. ते सकाळी चहा घेताना उघडायचे, "हॉल: चालू" असं दिसायचं, आणि बोट आपोआप जायचं. पट्कन बंद. साडेबारा हजार किलोमीटरवरून त्यांनी आपल्या घरातला दिवा घालवला आणि त्यांचा चहा गोड झाला. मुलाला वाटायचं यंत्र बिघडलंय. तो पुन्हा लावायचा. वडील पुन्हा घालवायचे. असे बाप-लेक एकाच घरात समोरासमोर बसून पुण्याचा हॉल लावत-विझवत होते, आणि खरं सांगायचं तर कुठल्याही संगणकाला जमली नसती इतकी अस्सल लहर त्या आठवड्यात त्या खिडकीत दिसली.

नवरात्रात काकूंना आणखी एक खंत लागली. घट बसले की घर रिकामं ठेवत नाहीत. अखंड दिव्याला तेल घालायला, वात सारायला माणूस लागतं, म्हणून नऊ दिवस कोणीतरी घरात राहायचंच. मुलगा म्हणाला, "आई, आपला दिवा तर चालूच आहे की." त्यावर काकूंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती व्हिडिओ कॉलची गरज नसलेली नजर होती. दरवर्षीचे घट धाकट्या जावेकडे बसले.

आता मुख्य पाहुण्याबद्दल. दिवा बघून माघारी फिरणारा चोर भिडस्त म्हणायला हवा, आणि संस्कृत नाटकातला आपला सगळ्यात नामांकित चोर तसा नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला शर्विलक (देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी प्रेक्षकांच्या घरचाच) चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडायला येतो तेव्हा आधी विचार करतो, की भोक कुठल्या आकाराचं पाडावं: उमललेलं कमळ, चंद्रकोर, की पूर्णकुंभ? मोजायची दोरी घरी विसरलेली असते, म्हणून जानव्याने माप घेतो. मग आत स्वतः न शिरता आधी एक नकली माणूस घालून बघतो. म्हणजे नकली माणसाची युक्ती घरमालकाच्या कितीतरी आधी चोराला सुचलेली होती. आत दिवा जळतोय, माणसं झोपलीत. ती खरंच झोपलीत की सोंग घेतायत हे तो श्वासावरून, मिटलेल्या पापण्यांवरून तपासतो. सोंग घेतलेल्याला डोळ्यासमोरचा दिवा सोसत नाही हेही त्याला माहीत असतं. एवढं झाल्यावर दिवा विझवायला पिशवीतून खास किडा काढून सोडतो. अशा माणसासमोर नऊ वॉटचा बल्ब काय करणार? आणि चारुदत्तही असा, की सकाळी उठून आधी त्या भोकाच्या कारागिरीचं कौतुक करतो, आणि एवढी मेहनत घेऊन बिचारा रिकाम्या हातांनी गेला असेल म्हणून हळहळतो. आपल्या इमारतींच्या काँक्रीटमध्ये कमळ पाडायचं म्हणजे ड्रिल लागेल, आणि ड्रिल दुपारी दोन ते चार चालवायला सोसायटीत बंदी आहे, एवढाच काय तो आपला फायदा.

आजचा चोर दिव्याकडे कशाला बघेल? तो दाराकडे बघतो. दारात पिशवी लटकतेय आणि त्यात दूध आहे का, पेपर उचललेला आहे का, चपलांच्या स्टँडवर धूळ किती. दोरीवरचे कपडे बदलतात का. एकच बनियन पावसाळाभर वाळत असेल तर त्याचा अर्थ त्याला कळतो. उंबऱ्याची रांगोळी ताजी आहे की स्टिकरची आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कुकर. संध्याकाळी साडेसात ते साडेआठ या वेळात ज्या मराठी घरातून एकही शिट्टी येत नाही, त्या घरात झुंबर लागलं तरी कोणी नाही हे उघड आहे. टीव्हीसारखा निळा-पांढरा उजेड भिंतीवर नाचवणारा डबासुद्धा मिळतो. पण उजेड मालिकेचा आणि आवाज काहीच नाही, असा टीव्ही आपल्याकडे कोणी बघितलाय? शिट्टीचा टायमर मात्र अजून कोणी काढलेला नाही. ज्याला काही करायचं आहे त्याने ते करावं. तीन शिट्ट्या, मग गॅस बारीक, मग लांबून एक हाक: "अहो, येताय ना?"

शिवाय दिवे राखण करणार ती रात्रीची. पोलिसांच्या दफ्तरात दिवसाची घरफोडी आणि रात्रीची घरफोडी हे वेगवेगळे रकाने असतात, आणि कायदाही सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी जास्त गंभीर मानतो. पण दोघं नोकरीला, पोरं शाळेत, अशा इमारतीत सकाळी अकरा वाजता जो शुकशुकाट असतो तो रात्री अकरालाही नसतो. त्या वेळी दिवा लावून काय उपयोग? लावला तर पुन्हा तीच दुपारच्या दिव्याची गत.

आणि एवढा बंदोबस्त करून माणसं गुपित ठेवतात म्हणावं, तर तेही नाही. सुट्टीच्या दिवसांत पोलीस सांगून सांगून थकले, की गावाला जाताय हे जगाला कळवू नका, शेजाऱ्यांना आणि चौकीला तेवढं सांगा. काका-काकूंनी विमानतळावर ट्रॉलीसह फोटो काढला आणि 'निघालो, नातवाच्या ओढीने' अशी ओळ लिहून स्टेटसला ठेवला. त्यांचा नंबर ज्यांच्याकडे सेव्ह आहे त्यांत दूधवाला, गॅसवाला, जुना रंगारी आणि फर्निचरला पॉलिश करून गेलेला माणूस हेही आले. सोसायटीच्या ग्रुपवर शुभेच्छांचे नव्वद निरोप पडले. त्यातल्या एकाने, सहा महिने पार्किंग रिकामं आहे तर आमची दुसरी गाडी लावू का, हेही तिथेच विचारून घेतलं. घरात मात्र चार दिवे कमालीची गुप्तता पाळत होते.

राखण खरी केली ती वॉचमनने. त्याने कुठलं ॲप पाहिलं नव्हतं, पण महिन्याभरात वरच्या घराचे दिवे त्याच्या अंगवळणी पडले होते. लहरीलाही सीमा असतात. यंत्राला रात्री एवढ्या वेळात काय ते कर, असं सांगितलेलं असतं. बाथरूमच्या त्या प्रसंगानंतर मुलाने ती सीमा रात्री अकरावर आणून ठेवली होती. अकरानंतर वर अंधार म्हणजे सगळं ठीक, असं त्याच्या गस्तीचं गणित बसलं होतं.

डिसेंबरात काका-काकू परतले. विमान उशिरा पोचलं, टॅक्सी मागच्या फाटकाने आली, आणि दिवसाची पाळी संपत असल्याने रात्रीच्या वॉचमनला कोणी काही सांगितलं नाही. अंगात अजून न्यू जर्सीचं घड्याळ. आल्या आल्या दोघं मेल्यासारखे झोपले आणि रात्री अडीचला टक्क जागे झाले. काकूंनी स्वयंपाकघराचा दिवा लावून पोह्यांचा डबा शोधायला घेतला. काका हॉलमध्ये बॅगा उघडून बसले. मग बेडरूममध्ये, मग गॅलरीत. सहा महिन्यांच्या रिकाम्या घरातल्या प्रत्येक खोलीत त्या रात्री माणसं खरोखर हिंडत होती, आणि नेमाने सगळे दिवे लागत होते.

तीन वाजता दारावर काठी आपटली. बाहेर वॉचमन, त्याच्या मागे सेक्रेटरी, त्यांच्या मागे लुंगी सावरत दोन सभासद, आणि सगळ्यांत मागे मोबाइलवर चित्रण करणारा एक मुलगा. काकांनी दार उघडलं. वॉचमनने त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि काठी खाली घेतली.

"तुम्ही आहात होय काका!" तो म्हणाला. "मला वाटलं, घरात कोणीतरी आहे."